‘नवा व्यापार’ आणि हरवलेला धडा

प्रौढांना अर्थशास्त्र शिकवायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुस्तक येतं, नाहीतर फळा येतो. आज मी एका खेळाची समीक्षा करणार आहे. तो तुम्ही सगळ्यांनी खेळलेला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत, दुपारी, फरशीवर पट पसरून. आपल्याकडे त्याला ‘व्यापार’ म्हणतात, ‘नवा व्यापार’ म्हणतात. मूळ अमेरिकन नाव मोनोपॉली. बँक कोणी सांभाळायची यावरून भांडण झालं नाही असं घर नसेल. (हशा)

हा खेळ ज्या खेळातून आला, तो लोकशिक्षणासाठी तयार केलेला होता. लिझी मॅगी नावाच्या स्टेनोग्राफर बाईंनी तो रचला आणि १९०४ साली त्याचं पेटंट घेतलं. नाव होतं ‘द लँडलॉर्ड्स गेम’, म्हणजे जमीनदाराचा खेळ. मॅगीबाई हेन्री जॉर्जच्या अनुयायी होत्या. जॉर्जचं ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ १८७९ साली आलं. त्यातला मुद्दा थोडक्यात असा: जमीन कोणी निर्माण केलेली नाही. तिची किंमत वाढते ती आजूबाजूच्या समाजामुळे. मग ती वाढ मालकाच्या खिशात का जावी? कर लावायचा तो जमिनीच्या मूल्यावर लावा, माणसाच्या कष्टावर लावू नका.

हे समजायला अमेरिकेत जायला नको. मेट्रोचं स्टेशन होणार अशी नुसती बातमी येऊ द्या. शेजारच्या रिकाम्या प्लॉटचा भाव दुप्पट होतो. मालकाने तिथे एक वीटही रचलेली नसते. स्टेशन तुमच्या-माझ्या कराच्या पैशातून होतं आणि घरभाडं मात्र तुमचं-माझंच वाढतं.

तर हे चारशे-पाचशे पानांचं म्हणणं मॅगीबाईंनी एका पटावर आणलं. त्या पहिल्या पटावर एका कोपऱ्यात श्रमाचं घर होतं. तिथून फेरी पूर्ण केली की मजुरी मिळे. दुसऱ्या कोपऱ्यात तुरुंग. आणि एका उमरावाची इस्टेट होती. तिथे पाऊल पडलं की खेळाडू तुरुंगात! त्या काळातल्या समाजावरची ही टीका चांगलीच बोचरी आहे.

आता समीक्षकाचं काम करू. या खेळाची खरी ताकद कशात आहे? सुरुवातीला सगळ्यांना सारखे पैसे मिळतात. कोणी आळशी नाही, कोणी उधळ्या नाही, फासे सगळ्यांचे तेच. तरीही दोन तासांनी एकाकडे सगळं असतं आणि बाकीचे कंगाल. गरिबीचं कारण माणसाच्या स्वभावात शोधायची आपल्याला सवय आहे. हा खेळ ते कारण नियमात दाखवतो, तेही भाषण न देता. शिकणारा स्वतःच्या हाताने नोटा मोजून देतो आणि निष्कर्षाला पोचतो. प्रौढ माणसाला उपदेश आवडत नाही. त्यामुळे ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

पुढे मॅगीबाईंनी नियमांचे दोन संच दिले. एकात मक्तेदारी. दुसऱ्यात जमिनीचं भाडं सार्वजनिक तिजोरीत जातं आणि सगळ्यांची स्थिती सुधारते. दोन्ही खेळा, तुलना करा, मग ठरवा, अशी त्यांची कल्पना होती. डेलावेअरमधल्या आर्डेन या जॉर्जवाद्यांच्या गावात हा खेळ खेळला जाई. स्कॉट निअरिंगसारख्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने तो विद्यार्थ्यांपर्यंत नेला. नंतर घरोघरी हाताने पट रंगवून लोक खेळू लागले. आणि १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने चार्ल्स डॅरोकडून मोनोपॉली घेतला, तोच संशोधक म्हणून जगभर गाजवला. मॅगीबाईंना पेटंटचे पाचशे डॉलर मिळाले, रॉयल्टी शून्य. मक्तेदारीवर टीका करणारा खेळ मक्तेदारीनेच गिळला. १९७० च्या दशकात राल्फ अन्स्पाक या प्राध्यापकाने कोर्टकचेरी केली, तेव्हा कुठे हा इतिहास पुन्हा उजेडात आला.

इथे सगळा दोष कंपनीवर टाकून मोकळं होणं सोपं आहे. मी ते करणार नाही. रचनेतही एक खोट होती. पहिल्या नियमांत जी रंगत आहे, ती दुसऱ्यांत येणं अवघड. दुसऱ्याला दिवाळखोर करताना जो आनंद होतो, तो सगळ्यांचं भलं होताना होत नाही, हे आपण प्रामाणिकपणे कबूल करू. (हशा) शोषणाचा खेळ करून दाखवला की खेळणारा शोषिताच्या जागी बसत नाही, जिंकणाऱ्याच्या जागी बसायला धडपडतो. निअरिंगच्या वर्गात खेळाबरोबर शिक्षक होता, प्रश्न होते. घराच्या फरशीवर प्रश्न विचारायला कोणी नव्हतं. चर्चा गेली तिथेच धडाही गेला. १९३२ मध्ये ऑस्कर गायगर यांनी न्यूयॉर्कला हेन्री जॉर्जच्या नावाने प्रौढांसाठी शाळा काढली, तिचा आधार मात्र वाचन आणि वर्गातली चर्चा हाच होता. ते मला योग्य वाटतं.

दुसरी खोट आपल्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. सगळ्यांना सारखे पैसे, ही खेळाची ताकद म्हटली ना मी? तेच आपल्याकडे खोटं ठरतं. आपल्या पटावर काहींना दहा फेऱ्या झाल्यावर आत घेतलं, तेव्हा सगळ्या जागा विकल्या गेल्या होत्या. काहींना तर पटाजवळ बसायचीच बंदी होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि त्यातले भाग लोकांपुढे वाचून दाखवले. तेही प्रौढांचं अर्थशिक्षणच. पण त्यांची सुरुवात समान रकमेपासून होत नाही. सारा, लोकल फंड, कर्ज, कचेरीतली लाच आणि या सगळ्यामागे शेतकऱ्याचं अज्ञान, ते कोणी राखलं हा प्रश्न, अशी ती मांडणी आहे. जॉर्ज जमिनीचा मालक कोण हे विचारतो. फुले त्याच्या आधीचं विचारतात: मालकीची कागदपत्रं वाचता कोणाला येतात?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. खेळ टाकून देऊ नका. आपल्या अभ्यासवर्गात, वस्तीतल्या वाचनालयात, बचत गटाच्या बैठकीत तो जरूर खेळा. फक्त दोन बदल करा. एक, चिठ्ठ्या टाकून सुरुवातीचे पैसे कमी-जास्त वाटा, आणि दोघांना पाच फेऱ्यांनंतर आत घ्या. दोन, डाव मध्येच थांबवा आणि जो हरतोय त्याला पहिल्यांदा बोलू द्या. त्याला विचारा, कुठला नियम बदलला असता तर तू तगला असतास? मग जिंकणाऱ्याला विचारा, हा नियम बदलायला तुझी तयारी आहे का?

त्याने ‘नाही’ म्हटलं, की समजा, वर्ग आता सुरू झाला.