एस्काम्ब्रेच्या डोंगरात आधी कोण होतं?

आज बोलायचंय ते चे गव्हेराच्या ‘गनिमी युद्ध’ या पुस्तकाबद्दल. क्यूबात बातिस्ता पळाला १ जानेवारी १९५९ला, आणि पुस्तक आलं १९६०मध्ये. विजय ताजा होता, आणि तो पानोपानी जाणवतो. पुस्तकाचा मुख्य दावा असा: क्रांतीला अनुकूल परिस्थिती येईपर्यंत वाट बघत बसायची गरज नाही, छोटी सशस्त्र तुकडी ती परिस्थिती स्वतः घडवू शकते. आणि लढायचं ते खेड्यापाड्यांत.

हा दावा आपण लेखकाच्याच आघाडीवर तपासून बघू. ऑगस्ट १९५८च्या अखेरीस चे सिएरा माएस्त्रातून निघाला. दीडशेच्या आसपास माणसं, चिखल, उपासमार. ऑक्टोबरमध्ये ही तुकडी मध्य क्यूबातल्या लास व्हियास प्रांतात, एस्काम्ब्रेच्या डोंगरात पोचली. तो डोंगर रिकामा होता का? नाही. विद्यार्थी चळवळीतून आलेली ‘डिरेक्तोरियो’ संघटना तिथे आधीच लढत होती, गुतिएरेझ मेनोयोचा वेगळा गटही होता. डिसेंबरमध्ये डिरेक्तोरियोशी करार झाला. पुढे सांता क्लाराच्या लढाईत शहरातल्या लोकांनी रस्त्यांवर गाड्या आडव्या लावून सैन्याची वाट अडवली.

चेच्या तुकडीचं शौर्य खरंच आहे. पण रान आधी कुणीतरी नांगरून ठेवलं होतं. सांतियागोत भूमिगत संघटना बांधणारा, डोंगरात माणसं आणि शस्त्रं पाठवणारा फ्रँक पाइस ३० जुलै १९५७ला भर रस्त्यात मारला गेला. या शहरी माणसांना पुस्तकात दुय्यम जागा मिळते. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

पुस्तकाच्या बाजूने एक सांगायला हवं. जिथे सरकार मतदानातून आलंय, मग ते मतदान फसवं का असेना, तिथे गनिमी उठाव रुजत नाही, असा इशारा चे स्वतःच देतो. बोलिव्हियात १९५३लाच जमीन सुधारणा झाल्या होत्या, १९६६मध्ये निवडणूकही झाली. तरी त्याच वर्षी तो तिथे गेला. शेतकरी सामील होत नाहीत, हे त्याच्या डायरीत पुन्हा पुन्हा येतं. स्थानिक कम्युनिस्ट पक्षाशी फाटलं. शहराशी संपर्क तुटला. ९ ऑक्टोबर १९६७ला त्याला ठार मारलं.

तेव्हा हे पुस्तक जरूर वाचा, पण पाककृती म्हणून नको. वाचताना विचारत राहा: यांना भाकरी कोण देत होतं, निरोप कोण पोचवत होतं? त्या माणसांना वगळून लिहिलेल्या सूत्राची किंमत पुढच्या तरुणांनी जिवानिशी मोजली. इथे थांबतो.