त्रिकुटांचा हिशेब

तीन संशोधकांनी मिळून एक निबंध लिहिला, किंवा त्याच तिघांनी दोघादोघांच्या जोडीनं तीन निबंध लिहिले. साध्या ग्राफमध्ये दोन्हींचं चित्र एकच: त्रिकोण. हायपरग्राफमध्ये मात्र एकच कड तिघांना सामावून घेते, आणि हा फरक जपण्यासाठीच तो हवा असतो. यादृच्छिक हायपरग्राफांवरचं गेल्या चार दशकांचं काम याच कसाला लावायला हवं: तिघांचं नातं तिघांचं राहिलं का?

संलग्नतेच्या बाबतीत उत्तर समाधान देणारं आहे. एर्डश आणि रेन्यी यांनी 1959-60 मध्ये ग्राफचा पाया घातला. श्मिट-प्रुझान आणि शमीर यांनी 1985 मध्ये तो विचार हायपरग्राफांकडे नेला. 1000 बिंदू घ्या आणि चिठ्ठ्या टाकून त्रिकुटं निवडत जा. साधारण 167 त्रिकुटांनंतर एक महाघटक डोकं वर काढतो. 2300च्या आसपास सगळं एकसंध होतं. शेवटपर्यंत अडून बसतात ते एकाही त्रिकुटात न आलेले एकटे बिंदू.

पण ‘जोडलेलं’ कशाला म्हणायचं? एका त्रिकुटातून दुसऱ्यात जाताना दोन बिंदू सामाईक हवेत अशी अट घातली, की हाच आकडा वीस लाखांपुढे जातो. आता एकही जोडी उघडी राहून चालत नाही! लिनियाल आणि मेशुलम यांना 2006 मध्ये टोपॉलॉजीच्या वाटेनं सापडलेला उंबरठा हाच. कूली, कांग आणि कोख यांनी 2016 मध्ये असे उंबरठे व्यापक स्वरूपात सिद्ध केले. व्याख्या वाढल्या, तरी उत्तरं स्वच्छ राहिली.

वर्णपटाचं, म्हणजे मॅट्रिक्सच्या आयगेनमूल्यांचं, तसं नाही. रूढ मॅट्रिक्स एखादी जोडी किती कडांमध्ये एकत्र आली एवढंच मोजते. तिच्यावर सुंदर प्रमेयं आहेत: प्रत्येक बिंदू 9 त्रिकुटांत असेल तर सर्वांत मोठं आयगेनमूल्य 18; बाकीची, दुमित्रिउ आणि झू यांच्या 2021च्या निष्कर्षानुसार, बहुधा −7 आणि 9 यांच्या आसपासच्या पट्ट्यात राहतात.

तरीही 15 बिंदूंवरच्या स्टायनर त्रिकूट-रचना पाहा. 35 त्रिकुटं, प्रत्येक जोडी नेमकी एकदा. अशा मुळातून वेगळ्या रचना 80 आहेत, आणि सर्वांची मॅट्रिक्स तीच: 15 बिंदूंच्या पूर्ण ग्राफची. विरळ यादृच्छिक हायपरग्राफात हे नुकसान कमी होतं, कारण तीन वेगवेगळ्या त्रिकुटांतल्या जोड्या जुळून भलताच त्रिकोण क्वचितच तयार होतो. दाट रचनेत मात्र ते डोळ्याआड करता येत नाही.

मॅट्रिक्सऐवजी टेन्सर, म्हणजे तीन निर्देशांकांचा तक्ता, घेतला तर त्रिकूट शाबूत राहतं. पण हिलर आणि लिम यांनी 2013 मध्ये दाखवलं की टेन्सरचे बहुतेक प्रश्न एनपी-हार्ड, म्हणजे गणनेच्या दृष्टीनं अतिकठीण, आहेत. गुंडर्ट आणि वाग्नर यांनी अभ्यासलेली वाट अधिक आशादायक वाटते: मॅट्रिक्समध्ये बिंदूंऐवजी जोड्यांनाच ओळी द्यायच्या, आणि एकाच त्रिकुटातल्या जोड्या शेजारी मानायच्या. या मॅट्रिक्समधून त्रिकुटं पुन्हा वाचता येतात. वर्णपट मात्र त्या 80 रचनांपुढे इथेही अडतो. त्याला प्रत्येक वेळी दिसतात ते 35 सुटे त्रिकोण.