शीर्षक २५०८ : कायनाइट आणि बॉल क्ले यांच्या वर्गीकरणाची चिकित्सा

भंडारा जिल्ह्यातील पोहरा व दहेगाव येथील कायनाइट हे रूपांतरित खडकांतील खनिज. त्यास माती म्हणता येत नाही. तरीही सीमाशुल्क दरपत्रकात ते शीर्षक २५०८ खाली, 'इतर मातीं'च्या पंगतीत बसते. भाजल्यावर त्यापासून होणारे म्युलाइटही तेथेच. खनिजशास्त्राला हे मानवणारे नाही; परंतु दोन्ही नावे शीर्षकातच असल्याने वादाला वाव राहत नाही.

बॉल क्लेचे तसे नाही. तिला २५०८ ४० १० हा क्रमांक आहे खरा, पण तो आठ अंकी पातळीवर. अर्थबोधाच्या सामान्य नियमांनुसार आधी चार अंकी शीर्षक ठरते, उपशीर्षक नंतर. शीर्षक २५०७ मध्ये केओलिन व 'इतर केओलिनयुक्त माती' येतात. आणि बॉल क्लेतील मुख्य खनिज सामान्यतः केओलिनाइटच असते. म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल २५०७ कडे, तर व्यापारी नाव २५०८ कडे ओढते. उपयोगाचा निकष लावावा, तर विंधन उद्योगातील बेंटोनाइटही २५०८ मध्येच आहे. कायनाइटप्रमाणे बॉल क्लेचाही नामोल्लेख चार अंकी पातळीवर असता, तर आयातदाराचा हा प्रश्न उद्भवलाच नसता.