गंध न कळणारे उंदीर

लव्हेंडरच्या वासाने मन निवतं, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्या वासात लिनालूल या द्रव्याचा वाटा मोठा. आपल्या स्वयंपाकातल्या धन्यांच्या तेलातही मुख्य घटक तोच. जपानच्या कागोशिमा विद्यापीठातल्या हारादा, काशिवादानी, कुवाकी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली या समजुतीची उंदरांवर परीक्षा घेतली. तिची रचना एखाद्या बांधेसूद कथेच्या तोडीची आहे.

मांडणी साधी. जमिनीपासून उंचावर, अधिकच्या चिन्हासारख्या जोडलेल्या चार फळ्या. समोरासमोरच्या दोन फळ्यांना भिंती, उरलेल्या दोन उघड्या. उंदराला आडोसा प्रिय, पण नवी जागा हुंगायची ओढही दांडगी. म्हणून तो भिंतीच्या तोंडाशी थांबतो, मागचे पाय आतच ठेवून अंग लांबवतो, हवा हुंगतो, झटकन मागे सरतो. धीर आला तर उघड्या फळीवर येऊन कडेवरून खाली डोकावतो. तो उघड्यावर किती वेळ राहिला, हे मोजायचं. मनातली धास्ती अशी सेकंदांत पकडता यावी, हे मला फार मोठं वाटतं. लिनालूलचा वास घेतलेले उंदीर उघड्यावर जास्त रेंगाळले, आणि त्यांचे पाय लटपटले नाहीत.

इथेच थांबता आलं असतं. पण हुंगलेलं द्रव्य फुप्फुसांतून रक्तातही उतरतं. मग धीर दिला कुणी, वासाने की रक्तात गेलेल्या द्रव्याने? संशोधकांनी घ्राणशक्ती नष्ट केलेले उंदीर घेतले. हवेत लिनालूल तसंच, श्वासही तसाच. धीर मात्र आला नाही. आपल्याच निष्कर्षाला इतक्या नेमक्या जागी आडवं जाणं, हा या प्रयोगाचा प्राण आहे. (उंदराचं निम्मं जग वासाचं असतं. ते हिरावून हे उत्तर मिळालं, याचा विसर पडू नये.)

पुढची पायरी फ्लुमाझेनिलची. डायझेपामसारखी चिंता कमी करणारी औषधं मेंदूत गाबा या संदेशवाहक द्रव्याच्या ग्राहींवर जिथे बसतात, ती जागा हे औषध अडवतं. ते दिल्यावर लिनालूलचा परिणाम ओसरला. वाट नाकातून निघते आणि त्याच ग्राहींपाशी पोचते, हे कळलं.

माणसाच्या चिंतेवर याने इलाज सिद्ध होत नाही. ‘फ्रंटियर्स इन बिहेवियरल न्यूरोसायन्स’मधला हा निबंध कुणालाही मोफत वाचता येतो. जरूर वाचा, आणि गंध न कळणाऱ्या उंदरांच्या आलेखापाशी घाई करू नका.