जिद्द आणि जिना

काही वर्षांपूर्वी एका वाचक मंडळात मी नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनावर बोललो. तासाभरात ‘जिद्द’ हा शब्द कितीदा उच्चारला, याची गणती नाही. भाषण संपल्यावर कळले की, मज्जारज्जूला इजा झालेले एक वाचक खाली आवारातच बसून होते. सभागृह पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चौघे त्यांना उचलून आणायला तयार होते. त्यांनी नकार दिला. मी भेटायला खाली गेलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “सर, उचलून नेलेल्या माणसाला परत कधी निघायचे ते स्वतः ठरवता येत नाही.”

त्या वाक्याने मला माझीच समीक्षा तपासायला लावली. अशा आत्मकथनांविषयी आपण ठरावीक वाटेने लिहितो : आघात, निराशा, मनोबळ आणि शेवटी ‘अपंगत्वावर मात’. या मांडणीत अडथळा कायम शरीरात असतो. पायऱ्या, दारे, शौचालये ही नुसती पार्श्वभूमी ठरतात.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांची मान १९६२ साली, किशोरवयात, पोहताना झालेल्या अपघातात मोडली. पुढे १९८३मध्ये त्यांनी अपंगत्वाचे ‘सामाजिक प्रतिमान’ मांडले : इजा शरीराला होते, अपंग करते ती समाजाची रचना. यावर आक्षेप असा की, वेदना आणि लुळेपणा रचनेने येत नाहीत. आक्षेप खरा आहे. पण मज्जारज्जूच्या इजेत शरीर आणि रचना इतक्या सहज वेगळ्या काढता येत नाहीत.

या इजेत मूत्राशयावरचा ताबा बहुधा जातो. अनेकांना दिवसातून काही वेळा कॅथेटर घालून लघवी काढावी लागते. त्यासाठी खुर्ची आत जाईल असे स्वच्छ शौचालय हवे. ते मिळणार नसेल, तर माणूस बाहेर पडण्याआधी पाणीच कमी पितो. त्यातून मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाव मिळतो. तो वारंवार झाला, तर मूत्रपिंडांना धोका. केसपेपरवर हा आजार शरीराच्या नावावर लागतो. अरुंद दाराची नोंद कुठेच होत नाही.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार १:१२पेक्षा तीव्र नसावा, असा दंडक आहे. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर लांबीचा उतार. हे गणित सोडवायला जिद्द लागत नाही. जागा आणि सिमेंट लागते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा. तरीही सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाला राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगावे लागले.

हे ध्यानात घेऊन मी ‘चाकाची खुर्ची’कडे परत वळलो. शीर्षकातच एक वस्तू आहे, सद्गुण नव्हे. जिच्या मनोबळाचे मी गोडवे गायले, त्या नसीमाताईंनी सहकाऱ्यांसह कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. संस्थेने वसतिगृह बांधले, शाळा काढली. जिद्दीचा उपयोग त्यांनी इमारती उभारायला केला. माझ्या भाषणात त्या इमारती शेवटच्या दोन मिनिटांत उरकल्या होत्या.

आता व्याख्यानाचे निमंत्रण आले की विषयाआधी मी विचारतो : सभागृह कितव्या मजल्यावर आहे, आणि शौचालयाचे दार किती रुंद?