कुत्र्याचे कान

रुमिको ताकाहाशी यांची ‘इनुयाशा’ ही जपानी चित्रकथा १९९६ ते २००८ पर्यंत क्रमशः आली. २००० पासून तिचे चलच्चित्रही झाले. नायकाची आई माणूस, बाप श्वानराक्षस. दोन्हीकडचे त्याला तुच्छ लेखतात. अमावास्येच्या रात्री तो पूर्ण माणूस होतो, म्हणजेच दुबळा. ती रात्र तो लपवतो. आडनाव लपवणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

चाहते लुब्ध आहेत ते त्याच्या कुत्र्याच्या कानांवर. तसे कान लावून ते मेळाव्यांत मिरवतात. मिरवोत बापडे, त्यांचे प्रेम खोटे नाही. पण त्याच जपानात बुराकू समाजाला ‘योत्सु’, म्हणजे चार पायांचे, म्हणत. चार बोटे दाखवली की शिवी पुरी होई. १८७१ च्या फर्मानाने हीन दर्जा कागदावर संपला. १९७५ मध्ये मात्र त्यांच्या वस्त्यांची गुप्त यादी कंपन्या विकत घेत असल्याचे उघड झाले. हे कान काढून ठेवता येत नव्हते.

तरी ताकाहाशींचा शेवट मला मोलाचा वाटतो. इच्छा पुरवणारा मणी नष्ट होतो. इनुयाशा पूर्ण माणूस होत नाही, पूर्ण राक्षसही नाही. कागोमे त्याच्याशी संसार मांडते, ती त्या कानांसकट.