मंडईचा मनोरा दिसतो, विरोध दिसत नाही

लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे दहा पेपरचे सारांश एकाखाली एक लावणं नव्हे. हे ज्युनिअर्सना सांगताना मी पुण्याच्या मंडईचं उदाहरण देते. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, इतिहास माझा विषय नाही. पण चूक दोन्हीकडे तीच होते.

मंडईवरचे पाच-सहा लेख वाचून बघा. क्रम जवळपास ठरलेला असतो. आधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. मग नगरपालिकेने मधोमध उंच मनोरा असलेली गॉथिक वळणाची दगडी इमारत बांधली. १८८६ मध्ये ती सुरू झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून ‘रे मार्केट’ म्हटली गेली. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. शेवटी एक ओळ: ‘गंमत म्हणजे याच इमारतीच्या खर्चाला फुले यांनी विरोध केला होता!’ लेख संपला.

माझी तक्रार या ‘गंमत म्हणजे’बद्दल आहे. माहिती बरोबर आहे, पण जिथून प्रश्न सुरू व्हायला हवा तिथे लेखक पूर्णविराम देतो.

जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते आणि स्वतः बांधकामाची कंत्राटंही घेत. म्हणजे हा बांधकाम न कळणाऱ्याचा विरोध नव्हता. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी १००० रुपये खर्चायलाही त्यांनी याच कारणाने नकार दिला होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनातही मुद्दा तोच आहे: सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. तिन्ही गोष्टी शेजारी ठेवा. किस्सा उरत नाही, सार्वजनिक पैशाबद्दलची एक सलग भूमिका दिसते.

मग लेखांतून ती का निसटते? आपल्या भाषेत सांगायचं तर सँपलिंग बायस. इमारत उभी आहे, तिचा फोटो निघतो. जो खर्च झाला त्याचा मनोरा दिसतो. जी शाळा झालीच नाही, ती कुठे दिसणार?

थांबा, लगेच उलट टोकालाही जाऊ नका. फुल्यांनी विरोध केला म्हणून मंडई चुकीची ठरत नाही. भर पावसात भाजी विकणाऱ्या बाईला डोक्यावर छप्पर मिळणं ही लहान गोष्ट नाही. पण ते छप्पर नेमकं कोणाला मिळालं? ओट्याचं भाडं किती होतं, कोणाला परवडलं, कोण बाहेरच राहिलं? आजही मंडईत गेलात तर इमारतीबाहेर भाजी घेऊन बसलेली माणसं दिसतील. हे प्रश्न मनोऱ्याच्या फोटोतून सुटायचे नाहीत. त्यासाठी नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्तं आणि जमाखर्च वाचावे लागतील.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगतेय, पण माझ्या पहिल्या रिव्ह्यूमध्ये मीही दोन विरोधी निष्कर्ष ‘विशेष म्हणजे’ लिहून पुढे ढकलले होते. गाईडनी समासात एवढंच लिहिलं: ‘मग?’

आज तुमचा ड्राफ्ट उघडा आणि ‘गंमत म्हणजे’, ‘विशेष म्हणजे’ शोधा. तुमचा रिसर्च गॅप बहुतेक तिथेच दडलेला असेल.